‘हवामान तर पूर्वीही बदलायचं’ : या वाक्याची तपासणी कशी करायची?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न बऱ्याचदा येतो. तुमचा विषय पर्यावरणशास्त्र असो, भूगोल असो, भूशास्त्र असो नाहीतर शेती. प्रस्तावात तापमानवाढीचा उल्लेख आला की समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, “हवामान तर पूर्वीही बदलायचं. हे नैसर्गिक चक्र नाही कशावरून?”

इथे बरेचजण गडबडतात. कुणी म्हणतं, आयपीसीसीने सांगितलंय. कुणी म्हणतं, बहुतेक सगळ्या शास्त्रज्ञांचं तसं मत आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यातून एवढंच कळतं की तुम्ही कुणावर विश्वास ठेवलाय. समितीला हवं असतं ते हे, की तुम्ही स्वतः तपासून पाहिलंय का, आणि पाहिलं असेल तर कसं.

मुलाखतीबाहेरही हा प्रश्न साधा नाही. हंगाम सरकलाय, अवकाळी पाऊस वाढलाय असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही ‘हे चक्र आहे’ असं सांगितलंत, तर त्याचा अर्थ होतो, ‘थांबा, आपोआप पूर्ववत होईल’. मग तो द्राक्षबागेवर आच्छादनाचा खर्च करेल का? नगरपालिका नाले रुंद करेल का? उत्तर चुकलं तर त्याची किंमत कुणीतरी खिशातून मोजतं. म्हणून शंका घ्यायची, पण ती नीट घ्यायची. ती कशी, हे या लेखात पाहूया. यातली बरीचशी उदाहरणं पुण्याच्या आसपासचीच आहेत, आणि ती मुद्दाम घेतली आहेत.

आधी त्या वाक्यातलं खरं काय ते मान्य करा

हवामान पूर्वी बदलायचं का? हो. भरपूर.

मी राहते त्या कर्वेनगरात कुठेही पाया खणायला घेतला की काळा कातळ लागतो. हा बेसॉल्ट, दख्खनच्या ज्वालामुखीतून साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेला लाव्हा. काही लाख वर्षं हे उद्रेक टप्प्याटप्प्याने होत राहिले आणि त्यातून प्रचंड कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू वातावरणात गेले. त्या काळी पृथ्वीचं हवामान हललं, आणि तेव्हा माणूस नव्हता.

थोडं अलीकडे या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० च्या सुमाराला वसलेलं हे ताम्रपाषाणयुगीन गाव इ.स.पू. ७०० च्या आसपास ओस पडलं. शेवटच्या टप्प्यात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात, शेती कमी होऊन जनावरांवरची भिस्त वाढलेली दिसते. म. के. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. तिथेही कारखाने नव्हते.

आणि पाऊस? आपल्या मान्सूनमध्ये चढउतार आहेतच. पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, १८७१ पासूनची देशाच्या पावसाची मालिका तयार झाली. ती पाहिली तर काही दशकं जास्त पावसाची, काही दशकं कमी पावसाची असे पट्टे स्पष्ट दिसतात. १९७२ चा दुष्काळ आपल्या घरोघरच्या आठवणीत आहे. तो समजून घ्यायला तापमानवाढीची गरज लागत नाही.

तेव्हा ‘पूर्वीही बदलायचं’ हे वाक्य नाकारू नका. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पूर्वी नैसर्गिक कारणांनी बदललं, म्हणून आताचा बदलही नैसर्गिकच, हा निष्कर्ष त्यातून निघतो का?

कर्वेनगरातून मुठा नदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुठेला पूर पूर्वापार येत आलेत. आता कुणी म्हणालं, “मुठेला पूर तर पूर्वीही यायचे, म्हणजे १२ जुलै १९६१ चा पूरही नैसर्गिकच,” तर तुम्ही काय म्हणाल? त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं होतं आणि पाठोपाठ खडकवासल्याचंही. पूर नेहमी येतात ही गोष्ट खरी, पण या पुराचं कारण काय होतं हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायला पाणी कुठून आलं, किती आलं, किती वेगाने आलं हे पाहावं लागतं. हवामानाचंही अगदी तसंच आहे.

‘चक्र’ हे कारण नाही, वर्णन आहे

संशोधनाच्या वाटेवर असणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एखादा आलेख वरखाली होतो म्हणून आपण त्याला चक्र म्हणतो. पण आलेखाला वर कोण ढकलतं? दिवसरात्रीच्या चक्रामागे पृथ्वीचं फिरणं आहे. ऋतूंच्या चक्रामागे तिच्या आसाचा कल आहे. यंत्रणा सांगितल्याशिवाय नुसतं ‘चक्र’ म्हणणं म्हणजे ताप का आला विचारल्यावर ‘तो अधूनमधून येतो’ असं सांगणं.

म्हणून कुणीही नैसर्गिक चक्राचा दावा केला की चार प्रश्न विचारा:

१. कोणतं चक्र? त्याचं नाव आणि यंत्रणा सांगा.
२. त्याचा कालावधी किती, आणि आताच्या बदलाचा वेग त्यात बसतो का?
३. त्यात ऊर्जा किती आहे? हिशोब जुळतो का?
४. ते कारण खरं असेल तर आणखी कुठे काय दिसायला हवं, आणि ते दिसतंय का?

यातला चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तो कसा वापरायचा हे पाहायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते.

सूर्यावरचे डाग आणि दख्खनचा दुष्काळ

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून तुम्ही कितीतरी वेळा गेला असाल. हे नाव पडलं कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण चौकाचं नाव तसंच राहिलं. नैसर्गिक चक्राच्या दाव्याची एक अतिशय चोख तपासणी याच खात्यात झाली होती, खातं सिमल्याला असतानाच.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने कमीजास्त होतात हे तोवर माहीत झालं होतं. १८७७ मध्ये विल्यम विल्सन हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासच्या पावसाचे आकडे घेऊन मांडलं, की डाग कमी असतात त्या वर्षांत पाऊस कमी पडतो. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्याच्यासोबत होता. दुष्काळ सूर्याच्या चक्राने येतात, म्हणजे ते आधी सांगता येतील, अशी ती आशा होती.

हेतू वाईट होता असं म्हणायचं कारण नाही. पण परिणाम पाहा. त्याच काळात पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पाठवत होती, लोकांची स्थिती काय आहे, मदत कुठे कमी पडते आहे. दुष्काळ चालू असताना देशातून धान्याची निर्यातही चालू होती. दुष्काळाचं कारण सूर्यावर ढकललं की सारा, निर्यात, मदतकामावरची मजुरी हे प्रश्न आपोआप मागे पडतात. पाऊस न पडणं नैसर्गिक होतं. त्यातून लाखो माणसं मरणं तेवढंच नैसर्गिक होतं का, हा वेगळा प्रश्न होता. ‘नैसर्गिक’ या शब्दाखाली काय काय झाकलं जातं हे आजही तपासायला हवं.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणितज्ञ भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला. त्याने सूर्यडागांचा दावा नाकारलाही नाही आणि स्वीकारलाही नाही. जगभरच्या केंद्रांचे आकडे मागवले आणि डागांचा पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांच्याशी सहसंबंध काढला. हे काम १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. बहुतेक ठिकाणी संबंध फारच दुबळा निघाला, अंदाज बांधण्याइतका तर मुळीच नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१४ मध्ये, त्याने आणखी एक काम प्रसिद्ध केलं होतं, आणि ते आजच्या प्रत्येक संशोधकाने समजून घ्यायला हवं. मुद्दा असा: तुम्ही एकच संबंध तपासला आणि तो ५ टक्के पातळीवर लक्षणीय निघाला, तर ठीक. पण तुम्ही २० असंबंधित गोष्टी तपासल्या, तर त्यातली निदान एक तरी निव्वळ योगायोगाने लक्षणीय निघण्याची शक्यता किती? १ वजा ०.९५ चा २० वा घात. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, जवळपास ६४ टक्के! म्हणजे भरपूर आलेख धुंडाळले की कुठलं ना कुठलं चक्र सापडतंच. यूट्यूबवर ‘सूर्य आणि तापमान’ असे जुळणारे आलेख दिसले की विचारा, हा आलेख निवडण्याआधी किती आलेख टाकून दिले? कोणत्या वर्षापासून सुरू केला, आणि कोणत्या वर्षी थांबवला?

याच वॉकरला पुढे हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्यावरच्या दाबाचा झोका सापडला, ज्याला त्याने सदर्न ऑसिलेशन असं नाव दिलं. एल निनोच्या आजच्या समजुतीचा तो एक पाया आहे. म्हणजे ज्याने एक चक्र खोडलं त्यानेच दुसरं खरं चक्र शोधून काढलं. दोन्ही वेळा कसोटी एकच होती.

आता चार प्रश्न वापरूया

*पृथ्वीच्या कक्षेचं चक्र.* मिलँकोविच चक्रं म्हणतात ती ही. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाचं डोलणं यांचे कालावधी अनुक्रमे सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षं. हिमयुगं यांच्यामुळे येतात आणि जातात, हे पक्कं. पण वेग पाहा. शेवटच्या हिमयुगाच्या टोकापासून, म्हणजे साधारण २० हजार वर्षांपूर्वीपासून, पृथ्वी सुमारे ५ अंशांनी तापली आणि त्याला जवळपास १० हजार वर्षं लागली. म्हणजे शतकाला सरासरी ०.०५ अंश. आता १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ या दशकापर्यंत सुमारे १.१ अंश वाढ झाली आहे, आणि तिचा मोठा हिस्सा गेल्या पन्नासेक वर्षांतला. शिवाय सध्याच्या कक्षेच्या स्थितीनुसार पृथ्वी अगदी सावकाश थंड व्हायला हवी. दुसऱ्याच प्रश्नावर हे चक्र बाद होतं.

इथे एक उपप्रश्न येतो: “अंटार्क्टिकाच्या बर्फात तर आधी तापमान वाढलेलं दिसतं, मग कार्बन डायऑक्साइड!” हिमयुग संपतानाच्या नोंदींत काही ठिकाणी तसं दिसतं, खरं आहे. सुरुवात कक्षेने केली, समुद्र तापला, समुद्राने वायू सोडला, त्या वायूने तापमान आणखी वाढवलं. कोंबडी अंड्यातून येते म्हणून कोंबडी अंडं घालत नाही असं होत नाही. आज सुरुवात समुद्राने केलेली नाही. हे कशावरून, ते पुढे येतंच.

*सूर्य.* तिसरा प्रश्न, ऊर्जेचा. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याची ऊर्जा सुमारे १३६१ वॅट प्रति चौरस मीटर. ११ वर्षांच्या चक्रात ती साधारण ०.१ टक्का बदलते, म्हणजे १ ते १.४ वॅट. पृथ्वी गोल असल्याने याला ४ ने भागायचं, आणि सुमारे ३० टक्के परत फेकली जाते ती वजा करायची. उरतात साधारण ०.२ वॅट, तेही कधी वर, कधी खाली. आता कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमवरून ४२० पीपीएमवर गेल्याचा परिणाम काढा: ५.३५ गुणिले (४२० भागिले २८०) चा नैसर्गिक लॉगॅरिदम. उत्तर येतं सुमारे २.२ वॅट, म्हणजे दहापटीच्या आसपास, आणि सतत एकाच दिशेला. १९८० नंतर सूर्याची तीव्रता वाढलेली नाही, किंचित उतरतीच आहे. तापमान मात्र चढतंय.

*ज्वालामुखी.* मोठा उद्रेक झाला की पृथ्वी तापण्याऐवजी वर्ष दोन वर्षं थोडी थंड होते, कारण गंधकाचे कण ऊन अडवतात. १९९१ च्या पिनाटुबोनंतर हेच झालं. आणि ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड? माणूस कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला ३,५०० कोटी टनांहून जास्त सोडतो. ज्वालामुखींचा वाटा याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. दख्खनसारखे उद्रेक आज कुठेही चालू नाहीत.

*एल निनो आणि समुद्राची चक्रं.* ही खरी आहेत आणि आपल्या पावसावर त्यांचा मोठा परिणाम होतो. पण ही चक्रं उष्णता तयार करत नाहीत, ती इकडची तिकडे हलवतात. समुद्रातली उष्णता बाहेर आल्यामुळे हवा तापत असेल, तर समुद्र थंड होत जायला हवा. होतंय उलटं. साठत चाललेल्या जादा उष्णतेपैकी जवळपास ९० टक्के समुद्रातच जातेय, आणि जगभरच्या समुद्रांत सोडलेले आर्गो तरंगमापक गेली वीसेक वर्षं हे मोजतायत. खिशातून पैसे काढून खर्च केले तर खिसा रिकामा व्हायला हवा. इथे खर्चही वाढतोय आणि खिसाही फुगतोय, म्हणजे बाहेरून पैसे येतायत.

माणसाचा हात आहे हे कशावरून?

बाकीची कारणं बाद झाली म्हणून उरलेलं खरं, एवढ्यावर थांबायचं नाही. माणूस कारण असेल तर स्वतंत्र ठसे दिसायला हवेत. ते असे:

पहिला ठसा हिशोबाचा. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याच्या साधारण निम्माच हवेत साठतो. उरलेला समुद्र आणि झाडं शोषतात. म्हणजे निसर्ग सध्या घेणारा आहे, देणारा नाही. वाढ निसर्गातून आली असती तर हा हिशोब जुळलाच नसता.

दुसरा ठसा समस्थानिकांचा. कोळसा आणि तेल जुन्या वनस्पती आणि सूक्ष्मजीवांपासून बनलेलं असतं, त्यात कार्बन-१३ चं प्रमाण कमी असतं. कार्बन-१४ तर उरलेलाच नसतो, कारण त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं आणि कोळसा कोट्यवधी वर्षांचा. हवेतला कार्बन नेमका याच दिशेने बदलतोय. ज्वालामुखीच्या कार्बनने कार्बन-१३ असं घसरलं नसतं. जोडीला हवेतला ऑक्सिजनही, अगदी अल्प पण मोजता येईल इतका, कमी होतोय. ज्वलन होत असेल तर तो कमी व्हायलाच हवा.

तिसरा ठसा मला सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो. सूर्यामुळे तापत असतं तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, आणि खालचा थर दोन्ही तापले असते. हरितगृह वायूंमुळे असेल तर खालचा थर तापेल आणि स्थितांबर थंड होईल. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हे गणित १९६७ मध्येच मांडलं होतं. नंतरच्या दशकांत मोजमापं आली: खालचा थर तापतोय, स्थितांबर थंड होतंय. मनाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आधी भाकीत, मग मोजमाप, हा क्रम नीट बघून ठेवा. घटना घडून गेल्यावर आलेख जुळवणं सोपं असतं.

याच सगळ्याच्या आधारावर आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात आकडे येतात: १८५०–१९०० ते २०१०–२०१९ दरम्यान माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश, शक्य कक्षा ०.८ ते १.३. सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१. आता ‘आयपीसीसी म्हणते’ हे वाक्य तुम्ही मुलाखतीत वापरू शकता, कारण त्याच्या खालचा जिना तुम्ही चढून आलात.

भारताचं चित्र इतकं सरळ नाही, आणि ते लपवू नका

आयआयटीएमच्या २०२० च्या मूल्यांकन अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. जगातल्या जमिनीच्या सरासरीपेक्षा हे कमी आहे. शंका घेणारे हे दाखवतात, आणि दाखवलंच पाहिजे. याचं एक महत्त्वाचं कारण हवेतले धूलिकण. धूर आणि गंधकाचे कण ऊन अडवतात आणि तापमानवाढीचा काही भाग झाकून टाकतात. म्हणजे माणसाचेच दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतायत.

दुसरी गोष्ट. ‘दिवसांपेक्षा रात्री जास्त तापतायत, हा हरितगृह वायूंचा ठसा’ असं पुस्तकांत वाचाल. जागतिक पातळीवर ते बरोबर आहे. पण भारताच्या शतकभराच्या नोंदींत कमाल तापमानाची वाढ किमान तापमानापेक्षा जास्त दिसते. प्रदेश लहान झाला की सिंचन, ढग, धूलिकण, जमिनीचा वापर सगळं मिसळतं. जागतिक ठसा जसाच्या तसा तालुक्यावर चिकटवायचा नाही. संशोधनाचा विषय शोधत असाल तर असल्या न जुळणाऱ्या जागांवरच थांबा.

पावसाचंही तेच. १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्के घटला, त्यात गंगेचं खोरं आणि पश्चिम घाट ठळक आहेत. तापमान वाढलं तर पाऊस वाढायला हवा ना? इथेही धूलिकणांचा मोठा वाटा असल्याचं अहवाल सांगतो. दुसरीकडे, भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात एकूण पाऊस फारसा न बदलता अतिवृष्टीचे प्रसंग वाढलेत. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतातले विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. हे दोन्ही अभ्यास आयआयटीएमशी जोडलेले आहेत, म्हणजे तुमच्या घरापासून बसने जाता येईल इतक्या जवळचे.

आणि प्रत्येक आपत्तीला हवामान बदलाचं लेबल लावणं हीसुद्धा आळशी विचाराचीच खूण. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. पाऊस जोराचा होताच. पण ओढ्याचं पात्र किती उरलं होतं, भिंती कुठे बांधल्या होत्या, पाणी मुरायला जमीन होती का, हे विचारल्याशिवाय त्या रात्रीचा हिशोब पूर्ण होत नाही. १८७७ मध्ये दोष सूर्यावर ढकलता आला, आज तो ‘ग्लोबल वॉर्मिंग’वर ढकलता येतो. नाल्यावर परवानगी देणारा दोन्ही वेळा सुटतो.

शंका कधी उपयोगी पडते

शास्त्राचा इतिहास शंकेखोरांच्या उपकारांनी भरलेला आहे. तीन उदाहरणं देते.

आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं विधान होतं. २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ज्येष्ठ हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांचा अहवाल पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला, आणि हिमनद्या इतक्या झपाट्याने आटत असल्याच्या समजुतीवर त्यात शंका घेतली होती. मोठा वाद झाला. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली, कारण त्या आकड्याला तपासलेला आधारच नव्हता. शंका रास्त होती. पण म्हणून हिमनद्या आटत नाहीत असं सिद्ध झालं का? नाही. त्या आटतायत, फक्त २०३५ ही तारीख खोटी होती. एक वीट सैल निघाली तर ती बदलायची. भिंत पडली अशी दवंडी पिटायची असेल तर बाकीच्या विटाही हलवून दाखवाव्या लागतील.

दुसरं उदाहरण रिचर्ड म्युलर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं. त्याला तापमानाच्या नोंदींबद्दलच शंका होती, की शहरं वाढल्यामुळे तापमापक तापतायत का? आपल्याकडेही हे विचारलं जातं, आणि पुण्यात काँक्रीटमुळे रात्री उकडतं हे खरंच आहे. म्युलरने बर्कले अर्थ हा प्रकल्प उभारून जगभरचे आकडे नव्याने तपासले. २०१२ मध्ये त्याने जाहीर केलं की वाढ खरी आहे आणि ती जवळपास पूर्णपणे माणसामुळे आहे. शहरांच्या उष्णतेने जागतिक कल बदलत नाही. शंका घेतली, तपासली, निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी छापला. याला शंका म्हणतात.

तिसरं आपल्या जवळचं. वसंत गोवारीकरांच्या मार्गदर्शनाखाली मान्सूनच्या अंदाजाचं १६ घटकांचं प्रारूप तयार झालं आणि १९८८ पासून वापरात आलं. बरीच वर्षं ते चाललं. २००२ मध्ये अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, प्रत्यक्षात १९ टक्के तूट आली. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने प्रारूप बदललं. सांख्यिकी संबंध काळानुसार ढिले पडतात, हा त्यातला धडा. १९९९ मध्ये के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी एल निनो आणि मान्सूनचा संबंधच दुबळा झाल्याचं दाखवलं होतं.

इथे लगेच कुणी म्हणेल, “बघा, एका हंगामाचा पाऊस सांगता येत नाही आणि शंभर वर्षांनंतरचं सांगतायत!” उत्तर सोपं आहे. येत्या १४ मे ला पुण्याचं कमाल तापमान किती असेल हे मी आज सांगू शकत नाही. पण मे महिना डिसेंबरपेक्षा तापलेला असेल यावर पैज लावेन. पहिलं हवेच्या घडामोडींवर ठरतं, दुसरं येणाऱ्या ऊर्जेवर. शतकाचा अंदाज दुसऱ्या प्रकारचा आहे.

तुमच्यासाठी अभ्यास

हा लेख वाचून पटलं म्हणून सोडू नका. पुढच्या आठवड्याभरात एवढं करा.

एक: मोना लोआच्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी १९५८ पासून उपलब्ध आहेत. त्या उतरवून घ्या आणि वर दिलेल्या सूत्राने प्रत्येक दशकाचा परिणाम काढा.

दोन: सूर्यडागांची मासिक मालिका घ्या आणि जागतिक तापमानाशी तिचा सहसंबंध काढा. आधी १८८० ते १९५०, मग १९८० ते आजपर्यंत. दोन उत्तरांत काय फरक पडतो ते लिहा.

तीन: आवडता असा एक शंकेचा दावा निवडा आणि त्याला चार प्रश्न लावा. मग हेच चार प्रश्न माणसामुळे तापमानवाढ होतेय या दाव्यालाही लावा. दोन्हीकडे सारखीच कडक नजर ठेवा. नाहीतर ती शंका नव्हे, बाजू घेणं झालं.

चार: तुमच्या तालुक्यातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी किती वर्षांच्या आहेत, केंद्राची जागा मधे बदलली का, याची चौकशी करा. ३० वर्षांपेक्षा कमी नोंदी असतील तर कल आहे म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा.

एवढं केलंत की मुलाखतीतल्या त्या सरांना सांगता येईल, “हो सर, पूर्वीही बदलायचं. तेव्हाची कारणं मी एकेक करून तपासली, आणि आताच्या बदलावर त्यांचे ठसे सापडले नाहीत.” त्यावर सर पुढचा प्रश्न विचारतील. तो अवघड असेल, आणि तिथून तुमचं संशोधन सुरू होईल.